टाकीकडं पाठ करून

केरबा न्हाय, पावणं. भाईर गेलाय, कवा यील त्येचं त्येलाच ठावं नसतंय. बसा त्या बाकड्यावर. गाडीची पेट्रोलची टाकी बघाय आलाय न्हवं? बघा, पण लांबनं बघा. भिंतीला टांगलेल्या टाक्यास्नी हात लावू नगासा. एक जरी हिकडची तिकडं झाली तर दिसभर येड्यागत करतोय त्यो. मी त्येची थोरली भण. समदं उद्यमनगर मला आक्का म्हणतंय, तुमीबी म्हणा. ह्यो चहाचा गाडा माजा, आन मागचं ते पत्र्याचं दुकान त्येचं.

माणूस कसा हाय म्हणून इचारताय? आता काय सांगू, कपाळ! आईबा लौकर गेलं आमचं. उचगावच्या एका खोलीत म्या त्येला न्हाऊ-माखू घालून वाढवला, आन अजून त्यो मला कळलेला न्हाय. त्येला त्यो सोता तरी कळलाय का, ह्येचीबी मला शंका हाय.

धंदा सांगाय सोपा हाय. कंपनीनं मोटरसायकल जशी दिली तशी ह्या कोल्हापूरच्या पोरास्नी नगं असती. येझदीला जावाची टाकी पायजे, राजदूतला येझदीची पायजे, आन बुलेटला कुठल्यातरी चोपड्यातल्या चित्रात बघितलेली निमुळती टाकी पायजे. म्हशीला बैलाची शिंगं लावायची ही कसली हौस, मला आजवर समजलं न्हाय. पण पोरं लांबनं लांबनं येत्यात आन केरबा त्यास्नी पायजे ते हुडकून देतोय. नुसती टाकी न्हवं. तिचं झाकण, झाकणाचं रबर, गुडघा टेकायचं पॅड, बाजूचा बिल्ला, आन खाली पेट्रोल सोडायचा कॉक. टाकी घावती सांगलीच्या भंगारात, झाकण बेळगावात, आन कॉक एखाद्याच्या मळ्यात पाण्याच्या इंजिनाला बसलेला असतोय. गंजकी टाकी आली की साखर कारखान्याची मळी पाण्यात कालवून तिच्यात भरून ठेवायची, मळी गंज खाती. एकदा त्येचा आंबूस वास रस्त्यावर गेला आन पोलीस आलं, म्हटलं दारूची भट्टी कुटं लावलीयास? ह्येनं गपकन एक टाकी उचलून त्यास्नी हुंगाय दिली. हुंगून हुंगून त्यास्नीबी कळंना काय लिवायचं, गेलं चहा पिऊन.

पण ह्यो माणसाच्या तोंडाकडं म्हणून बघायचा न्हाय. काल कोण आलंतं रे, असं इचारलं की सांगायचा, "निळी टाकी आलती, डाव्या अंगाला पोचा हुता." नाव काय? ठावं न्हाय. दिसाय कसा हुता? ठावं न्हाय. माज्याशी बोलतानाबी नजर कुठल्यातरी नटावर. मला वाटायचं, उद्या मी बदलून दुसरी बाई ह्या गाड्यावर बसली तरी ह्येला दोन दिवस कळायचं न्हाय.

तर नव्व्याण्णव सालची गोष्ट. येझदी काढणारी मैसूरची कंपनी बंद पडून दोन-तीन वरसं झालती आन जुन्या सामानाला सोन्याचा भाव आलता. राजारामपुरीतला सूरज म्हणून एक पोरगा, हौशी, तोंडानं फाटका. त्येनं येझदी आणून हितं लावली आन म्हटला, "केरबादा, हिला जुन्या जावाची टाकी पायजे. बाजूला चकचकीत निकेल केलेली, कॉक आन झाकण अस्सल. दुसरं कायबी चालायचं न्हाय." केरबानं शब्द दिला. ह्या गल्लीत शब्द दिला म्हंजे नाक दिलं. मग सुरू झाली ह्येची वणवण. सांगली झाली, मिरज झाली, पन्हाळ्यावर कुणा हाटेलवाल्याकडं जावा हाय म्हणून गेला आन हात हलवत आला. सूरजची गाडी बिनटाकीची दुकानात उभी, आन सूरज रोज यिऊन तिच्याभोवती फेऱ्या मारणार आन माज्या डोक्याला ताप देणार.

त्येच येळंला मी ह्येच्यासाठी पोरी बघत हुते. तिशी कवाच उलटली हुती. आदीची दोन ठिकाणं मोडली. एका ठिकाणी तर पोरगी पोहे घिऊन उभी, आन ह्यो अंगणात पोरीच्या बाच्या लुनाचं झाकण उघडून हुंगतोय! तिसरं ठिकाण आलं मलकापूरचं. पोरीचं नाव मोना. शिवणकाम करती, घरची माणसं बरी, आपल्यातलीच. म्या केरबाला दम दिला, "ह्या खेपंला गाड्याबिड्याकडं बघितलंस तर मलकापुरातच सोडून यीन." त्यो म्हटला, "व्हय." त्येच्या व्हयला काय अर्थ नसतोय, पण म्या धरला.

आता एक रीत ध्येनात घ्या, तुमच्याकडंबी असंल. पोरगी बघाय गेल्यावर चहा-पोहे घ्यायचं आन उठायचं. जेवाय थांबायचं न्हाय. पोरीकडच्यांनी कितीबी आग्रेव केला तरी न्हाय. जेवलं म्हंजे पसंत, ठरलं, इषय संपला. जेवून जाऊन मागनं नगं म्हटलं तर पोरीला बट्टा लागतोय. गाव म्हणतंय, ताटावर बसून उठून गेलं, पोरीत काय खोट हुती कुणास ठावं. ही रीत शेंबड्या पोराला ठावं असती. केरबालाबी ठावं हुती, असं मी समजून चालले.

आमचा मामा, मी आन केरबा, तिघं गेलो. भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, त्येच्याखाली पोरीचं वडील कृष्णात तात्या बसलेलं. आई झुंबरबाई आत-भाईर करतीया. थोरला भाव सम्राट पाणी दिऊन गेला. केरबा शान्यागत मांडी घालून बसला. म्या म्हटलं, चला, आज काय तरी धड हुतंय. तेवढ्यात चहाचा स्टो विझला. रॉकेल संपलं. झुंबरबाईनं हाक मारली, "मोना, रॉकेल आण गं." पोरगी बाटली घिऊन मागच्या पडवीत गेली. पडवीचं दार केरबाच्या बरूबर समोर.

पडवीच्या भिंतीला दोन खुट्या, आन खुट्यांवर जावाची टाकी!

आता ह्येला काय म्हणायचं सांगा. तात्यांच्या भावाची गाडी हुती म्हणं, गाडी मोडली, टाकी ऱ्हायली. टाकीत रॉकेल भरून ठेवायचं, खालचा कॉक फिरवला की बाटलीत धार. किती वरसं रॉकेल हुतं आत, गंजाचा ठिपका न्हाय. बाजूचं निकेल तेवढं काजळीनं काळं झालतं. हे समदं मला मागनं कळलं. तवा मला एवढंच दिसलं की पोरीनं हात वर करून कॉक फिरवला, धार आली न्हाय, मग तिनं दांडी आनकी थोडी फिरवून राखीववर, म्हंजे तळातल्या शिलकीवर आणली, बाटली भरली, कॉक बंद केला, आन तोंडाला लोंबणारा थेंब बोटानं टिपून पदराला पुसला. आन आमचा केरबा तात्या बोलत असताना मधीच उठला आन सरळ पडवीत गेला.

पोरगी दचकून भिंतीला लागली. मामा माज्याकडं बघतोय, मी मामाकडं. भुई फाटून पोटात घीलं तर बरं, असं झालतं मला. केरबा टाकीवरनं हात फिरवून बोलला, "तात्या, ही टाकी मला द्या."

तात्या गडबडलं. त्यास्नी काय उमगलं काय न्हाय, पण पोराकडच्यानं काय मागितलं तर न्हाय कसं म्हणायचं? म्हटलं, "घ्या की." ह्येनं लगीच पाना काढला खिशातनं. पोरगी बघाय जाताना ह्येच्या खिशात पाना हुता, पावणं! राखीवचं ऱ्हायलेलं रॉकेल काढायचं तर घरात डबा न्हाय. सम्राट शेजारी डबा मागाय गेला. मग टाकी धुवायची. मग कॉक सोडवायचा, त्यो बसलाय घट्ट, त्येला गरम फडकं. येळ चाललाय. झुंबरबाईनं त्याच बाटलीतलं रॉकेल स्टोत वतून भाकरी टाकल्या, वांगं केलं. मी आपली सारखी, "नगं हो, आमी निघतोय, यष्टी चुकंल." तवर केरबा हात धुऊन आला, ताट दिसलं, मांडी घातली आन जेवला. वर म्हणतोय, "आनकी एक भाकरी वाढा, वांगं झ्याक झालंय."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सम्राट पळत जाऊन साखर आणून शेजारी-पाजारी वाटून आला. मामा पघळला, त्योबी जेवला. मी मातुर ताटाला हात लावला न्हाय. पोटात दुखतंय म्हटलं. माज्या मनात आलं, उद्या काय वाकडं झालं तर आमच्यातलं एक तरी माणूस बिनजेवलेलं असावं.

यष्टीत टाकी मांडीवर, लेकराला घ्यावं तसा धरून बसलेला. म्या इचारलं, "केरबा, पोरगी पसंत हाय न्हवं?"

त्यो म्हटला, "कुठली पोरगी?"

अरं मुडद्या! म्या तितंच, भरल्या यष्टीत, त्येच्या दंडावर फटका दिला. समदं समजावून सांगितलं. जेवलास म्हंजे काय झालं, साखर कशाची वाटली. ह्येचं तोंड उतरत गेलं. मलकापूर मागं पडलं, बांबवडे आलं. मग म्हटला, "आक्का, मला तिचं तोंडच आठवंना. हात आठवतोय. कॉक कसा फिरवला तिनं बघितलंस? जोर लावला न्हाय. लोक पिरगाळत्यात आन आतलं बूच फाडत्यात. आन त्यो थेंब." मला समजंना ह्येला पोरगी आवडली का कॉक. म्या तेच इचारलं. त्यो टाकीवरची काजळी बोटानं पुसाय लागला. "मलाबी कळंना," म्हटला.

आठवडा गेला. मलकापूरनं निरोप आला, तारीख धरूया. मी रोज सकाळी इचारायची, व्हय म्हण न्हायतर न्हाय म्हण, पण कायतरी म्हण. रोज तेच, "कळंना." माज्या जिवाला घोर. त्या पोरीला गावात आता लोक काय म्हणत असतील? व्हय म्हणावं तर हिला असल्या येड्याच्या गळ्यात कशी बांधू, ज्येला तिचं तोंड आठवत न्हाय. न्हाय म्हणावं तर तिला दुसरं ठिकाण कोण दील? तवर ह्येनं टाकी घासून-पुसून, निकेल उजळून, कॉकात नवं बूच घालून सूरजच्या गाडीला चढवली. सूरज नाचाय लागला. समदं उद्यमनगर बघाय जमलं. "नाद खुळा टाकी घावली राव," म्हणाय लागलं. आन केरबा कोपऱ्यात बसलेला, आपल्याच कामाकडं न बघता.

आन त्याच गर्दीत मोना आली. पिवळी साडी, संगट सम्राट. नवऱ्याच्या दारात लगनाआदी पोरगी आली, हे म्या माज्या जन्मात बघितलं न्हवतं. मी गाड्यावरनं उठले, बस म्हटलं, चहा घे म्हटलं. ती बसली न्हाय. सरळ केरबाच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायली.

"तुमी मला बघाय आलता का टाकी बघाय?"

केरबा उभा ऱ्हायला, नजर तिच्या चपलांवर. आरं, काय तरी बोल. खोटं तरी बोल! मी मागनं खुणावतीया, हात जोडतीया.

"मला ठावं न्हाय," त्यो म्हटला.

म्या कपाळ बडवून घेतलं. वाटलं, झालं, संपलं. पण पोरगी रडली न्हाय का चिडली न्हाय. त्येच्याकडं बघून म्हटली, "खरं बोललासा ते बरं झालं. ठावं झालं की सांगाय या. तवर आमची टाकी द्या. आई बाटल्यात रॉकेल भरती, परवा भांडी घासताना लवंडलं. टाकी जावयाला दिलती, गिऱ्हाइकाला न्हाय."

सूरज उसळला. "ए बाई, ती माज्या गाडीची टाकी हाय! केरबादा, शब्द दिलायस तू!" लई वरडला, नगं नगं ते बोलला. केरबानं पाना घेतला, समद्यांदेखत टाकी उतरवली, फडक्यात गुंडाळली आन सम्राटच्या हातात दिली. दिताना एवढंच बोलला, "कॉकात नवं बूच घातलंय. आता थेंब लोंबायचा न्हाय." मोनानं त्येच्याकडं परत एकदा बघितलं, आन ती गेली. सूरजबी गाडी ढकलत गेला. जाताना गल्लीच्या टोकापतोर सांगत गेला, ह्येच्या शब्दाला काडीची किंमत न्हाय म्हणून.

त्या आठवड्यात केरबानं एकबी टाकी खाली काढली न्हाय. गिऱ्हाईक आलं की "न्हाय" म्हणायचा. चहा दिला तर तसाच गार. एक दिवस मला म्हटला, "आक्का, त्या दिवशी तिची साडी पिवळी हुती न्हवं?" व्हय म्हटलं. "आन हनुवटीला हितं खूण हाय, कायतरी लागल्याची." खुणा म्हंजे पोचं, आन पोचं त्येच्या ध्येनात ऱ्हातात, त्यात काय एवढं, असं मनाला सांगितलं.

आयतवारी त्यो न सांगता न्हाऊन, धुतलेला शर्ट घालून निघाला. मी गाडा शेजारनीवर सोपवला आन मागनं पळत यष्टी गाठली. त्येचा काय भरवसा, वाटंत कुटं भंगार दिसलं की उतरायचा.

मलकापुरात घरात पाय ठेवला. तात्या ताठ तोंडानं "या" म्हटलं. झुंबरबाई आत गेली ती भाईर आलीच न्हाय. केरबा मागच्या खेपंच्या जागंवर बसला न्हाय. मुद्दाम हिकडच्या भिंतीला बसला, पडवीच्या दाराकडं पाठ करून. म्या ते बघितलं. मोना यिऊन समोर उभी ऱ्हायली. आन पावणं, माज्या भावाला एखाद्या माणसाच्या तोंडाकडं एवढा येळ बघताना म्या पैल्यांदा बघितलं.

"टाकीकडं पाठ करून बसलोय," त्यो म्हटला.

"बघा की टाकीकडं," मोना म्हटली. "कुणी नगं म्हटलंय?"

त्यो वळंना. मीच वाकून बघितलं. भिंतीला दोन खुट्या. टाकी न्हाय. म्या म्हटलं, "अगं बाई, टाकी कुटं गेली?"

"सम्राट सकाळच्या यष्टीनं कोल्हापूरला घिऊन गेलाय. राजारामपुरीत, त्या वरडणाऱ्या पोराकडं." ती माज्याशी बोलत हुती, पण बघत हुती केरबाकडं. "तुमी शब्द दिलता त्येला, माज्यापायी मोडाय नगं. आता ह्या घरात तुमाला बघण्यासारखं कायबी ऱ्हायलं न्हाय. आता सांगा, कशाला आलाय?"

तात्या उठून उभं ऱ्हायलं. आत भांडं वाजायचं थांबलं. म्या मनात म्हटलं, आता "कळंना" म्हणशील तर हितंच तुजा जीव घीन. केरबाची नजर हलली न्हाय. तिच्या तोंडावरच हुती.

"जेवाय आलोय," त्यो म्हटला.

झुंबरबाईचा आतनं हुंदका ऐकू आला. मोना आत गेली, ताटं घिऊन आली, आन तात्यांच्या, केरबाच्या आन माज्या म्होरं मांडली. भाकरी गरम हुती. त्या दिवशी म्या माजं ताट जवळ वढलं आन कुणी सांगायच्या आदी पैला घास घेतला.